सम कुणाची, नाव कुणाचे?

ध्वनिमुद्रिका घरी आणली की आधी तिचे पाकीट उलटून मागची बाजू वाचायची, अशी सवय असलेली एक पिढी होती. शब्द कुणाचे, चाल कुणाची, साथीला कोण, हे सारे तिथल्या बारीक अक्षरांत असायचे; किंवा नसायचे. पुढे कॅसेट आली तशी अक्षरे आणखी बारीक झाली. मग सीडीबरोबर घडीची पुस्तिका आली आणि चष्मा कपाळावरून नाकावर उतरला. आता मोबाइलवर गाणी ऐकणाऱ्या नातवंडांना पाकीट ठाऊक नाही आणि मागची बाजूही ठाऊक नाही. गाणे ऐकले, आवडले, पुढे सरकले. त्यांना दोष द्यायचा नाही; पण त्या मागच्या बाजूवरच्या एका ओळीने चार जणांच्या मैत्रीला कसा तडा जातो, याची एक हकीकत आहे. ती परदेशातली आहे, रॉक संगीतातली आहे, म्हणून रविवारच्या सकाळी चहाबरोबर वाचू नये असे मात्र नाही.

ही ओळ होती ८ ऑक्टोबर १९८० रोजी बाजारात आलेल्या 'रिमेन इन लाइट' या ध्वनिमुद्रिकेच्या पाकिटावर. वाद्यवृंदाचे नाव 'टॉकिंग हेड्स'. माणसे चार: डेव्हिड बर्न, क्रिस फ्रांट्झ, टीना वेमथ आणि जेरी हॅरिसन. निर्माता ब्रायन ईनो. पाचही जणांची नावे इंग्रजी वर्णक्रमाने छापायची, असे ठरल्याचे बाकीचे तिघे धरून चालले होते. छापून आले ते असे: सर्व गाणी डेव्हिड बर्न, ब्रायन ईनो, टॉकिंग हेड्स यांची.

वरवर पाहता यात काय बिघडले? पण लग्नपत्रिका डोळ्यांसमोर आणा. निमंत्रक म्हणून थोरल्या भावाचे नाव, त्याखाली त्याच्या एका मित्राचे, आणि मग 'समस्त परिवार'. मांडव घालणारे, हिशेब ठेवणारे, रात्रभर जागणारे धाकटे भाऊ आणि वहिनी त्या 'समस्त' मध्ये गडप. थोरला मात्र दोनदा आला. एकदा स्वतःच्या नावाने आणि एकदा परिवारात. पत्रिका वाचून घरात जे होते, तेच न्यूयॉर्कमध्ये झाले.

हे चौघे कोण, हे आधी थोडक्यात सांगायला हवे. बर्न, फ्रांट्झ आणि टीना ही ऱ्होड आयलंडमधल्या कलाविद्यालयातली मुले. चित्रे काढायला शिकली आणि गाऊ-वाजवू लागली. १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये आली. तिथे बावरी नावाच्या, त्या काळी बऱ्यापैकी बकाल असलेल्या रस्त्यावर 'सीबीजीबी' हा गुत्ता होता. पंक म्हणून जे आरडाओरडा करणारे, तीन सुरांत सगळे उरकणारे संगीत तेव्हा गाजू लागले होते, त्याचे ते माहेरघर. टीनाने बास गिटार हातात घेतली ती मुख्यतः वृंदात ते वाजवायला कुणी नव्हते म्हणून. जेरी हॅरिसन १९७७ साली आला आणि त्याच वर्षी फ्रांट्झ व टीना यांनी लग्न केले. फाटक्या कपड्यांच्या त्या गर्दीत ही मंडळी कॉलर असलेले साधे शर्ट घालून उभी राहत आणि इमारती, खाणेपिणे, कागदपत्रे अशा विषयांवर गाणी म्हणत. पंकनंतर आलेल्या, डोके अधिक चालवणाऱ्या अशा संगीताला लोकांनी 'न्यू वेव्ह' हे नाव दिले.

ईनो हे वेगळेच प्रकरण. हा इंग्रज गृहस्थ स्वतःला संगीतकार म्हणवून घेत नाही. ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ हेच आपले वाद्य, असे तो मानतो. १९७८ आणि १९७९ साली त्याने या चौघांच्या दोन ध्वनिमुद्रिका घडवल्या. त्यांतल्या दुसरीत 'आय झिंब्रा' नावाचे गाणे होते. शब्द निरर्थक, ह्यूगो बाल या दादावादी कवीच्या रचनेवरून घेतलेले, आणि ठेका आफ्रिकी वळणाचा. पुढची वाट या गाण्यातून फुटली.

१९८० च्या उन्हाळ्यात मंडळी बहामा बेटांवर, नासाऊ इथल्या कंपास पॉइंट स्टुडिओत जमली. त्याआधी थोडी कुरबुर झालेली होती. बर्न आणि ईनो दोघेच एक वेगळी ध्वनिमुद्रिका करत बसले होते, आणि फ्रांट्झ दांपत्य कॅरिबियन बेटांवर लांब सुटी घेऊन, हा वृंद ठेवायचा की मोडायचा याचा विचार करत होते. त्या सुटीत हैतीचे ढोलताशे त्यांच्या कानांत आणि हातांत शिरले. नासाऊला आले ते असे. कुणाच्याही खिशात तयार गाणे नव्हते.

रॉकमधली रूढ रीत अशी की, मुख्य गायक घरी बसून गाणे लिहितो आणि बाकीचे ते वाजवतात. इथे ती मोडायचे ठरले. आधी वाजवायचे, गाणे नंतर सापडेल. कुणी दोन-चार मात्रांचा एक तुकडा धरायचा आणि तो न कंटाळता घोळत राहायचे. त्यावर दुसऱ्याचा तुकडा, त्याच्या फटीत तिसऱ्याचा. नंतर मुद्रणाच्या टेबलावर बसून यातले काय चालू ठेवायचे आणि काय बंद, ते ठरवायचे. आज हे काम संगणक एका कळीत करतो. तेव्हा माणसे स्वतः संगणकासारखी तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत होती आणि हातच तो, त्यामुळे प्रत्येक फेरीत किंचित काहीतरी हलत होते. या ध्वनिमुद्रिकेत आज चार दशकांनंतरही जो जिवंतपणा जाणवतो, तो या किंचित हलण्यातला आहे, असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट आपल्या कानांना परकी वाटणार नाही. पाश्चात्त्य गाण्यात स्वरसंघ, म्हणजे कॉर्ड, सतत बदलतात. त्या बदलांवर गाण्याची इमारत उभी असते. इथे बहुतेक गाणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळजवळ एकाच कॉर्डवर ठाण मांडून बसतात. जमीन हलत नाही. वरचे सारे हलते. तानपुरा कानात भिनलेल्या माणसाला यात नवल नाही, पण १९८० सालच्या रॉकच्या श्रोत्याला हे गाणे 'पुढे जात नाही' असे वाटणे साहजिक होते. ते पुढे जात नाही, खोल जाते. भजनात टाळकरी, पखवाजी आणि मागे झील धरणारे आपापले घोळत असतात आणि थोड्या वेळाने नेमका कोण काय वाजवतो आहे हे वेगळे काढता येत नाही. 'द ग्रेट कर्व्ह' ऐकताना तशी अवस्था होते.

सर्वांत गाजलेल्या 'वन्स इन अ लाइफटाइम' ची जन्मकथा तर तालाच्या जाणकारांनी मुद्दाम ऐकावी अशी आहे. बासची छोटी ओळ फिरत होती. वाजवणाऱ्यांची सम एके ठिकाणी होती; ईनोच्या कानाला तिसरी मात्रा हीच पहिली वाटली. आपल्याकडे गवयाची सम अशी चुकली तर तबलजी डोळे वटारतो. इथे दोन्ही समा तशाच राहू दिल्या. ज्याला जिथे सम दिसते त्याने ती तिथे धरावी आणि आपला भाग रेटावा. त्यामुळे हे गाणे ऐकताना पाय नेमका कुठे आपटावा हे कळत नाही, आणि तरीही पाय थांबत नाही. मध्यंतरी ईनो हे गाणे टाकूनच देणार होता. बर्नने त्यावर गाण्याची चाल शोधली आणि ते वाचले. मग सांगा, हे गाणे कुणाचे? चुकीच्या जागी सम ऐकणाऱ्याचे, बरोबर जागी वाजवणाऱ्यांचे, की शेवटी शब्द आणि चाल घालणाऱ्याचे?

शब्दांच्या बाबतीत बर्नची बाजूही समजून घ्यायला हवी. वाजवणे संपले तेव्हा त्याच्यापाशी एक अक्षर नव्हते. लिहायला बसला तर सुचेना. मग त्याने रेडिओवरच्या ख्रिस्ती प्रवचनकारांची भाषणे ऐकायला सुरुवात केली. त्यांची ती चढत जाणारी लय, तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारणे त्याने उचलले. घर, गाडी, संसार सगळे असलेला एक मध्यमवयीन गृहस्थ एके दिवशी अचानक भानावर येतो आणि आपण इथवर आलो तरी कसे, असे घाबऱ्याघुबऱ्या विचारतो. फ्रांट्झने त्याला कर्टिस ब्लोची तेव्हा नवीन असलेली रॅपची ध्वनिमुद्रिका ऐकवली. त्याचा परिणाम 'क्रॉसआइड अँड पेनलेस' मध्ये दिसतो. शब्द बर्नचे होते आणि ते असाधारण होते. पण त्यांच्या खालची जमीन पाच जणांनी नांगरली होती. शब्द आणि चाल म्हणजे गाणे, बाकीचे साथीदार, हा जुना हिशेब जिथे मुद्दाम मोडला होता, तिथेच श्रेयाच्या वेळी तोच हिशेब परत आला. यात नुसता मानापमान नव्हता; गीतकार-संगीतकार म्हणून ज्याचे नाव, त्याला मानधनाचा वाटा. तिघांचे भांडण रास्त होते. पुढच्या आवृत्त्यांत पाचही नावे छापली गेली, हे त्याचे उत्तर मानायला हरकत नाही. मात्र मनात पडलेली गाठ सुटली नाही. ईनोने या वृंदाबरोबर पुढे एकही ध्वनिमुद्रिका केली नाही. फ्रांट्झ आणि टीना यांनी १९८१ साली 'टॉम टॉम क्लब' काढला. त्यांच्या 'जीनियस ऑफ लव्ह' ने नाचणाऱ्यांना वेड लावले. ज्यांना 'समस्त परिवार' मध्ये टाकले होते, त्यांनी काय ते दाखवून दिले.

पाकिटाची पुढची बाजूही बोलकी आहे. चौघांचे चेहरे, आणि त्यांवर लाल रंगाचे ठोकळे चढवलेले. डोळे तेवढे दिसतात. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटी या तंत्रसंस्थेतल्या संगणकावर हे चित्र टीना आणि फ्रांट्झ यांनी तिथल्या संशोधकांच्या मदतीने करवून घेतले. १९८० साली संगणकावर मुखपृष्ठ करणे ही साधी गोष्ट नव्हती. पुढच्या बाजूला चेहरे पुसलेले, मागच्या बाजूला नावे पुसलेली. योगायोग म्हणा हवे तर.

आता त्या पाकिटावरचे आणखी एक नाव. 'हाउसेस इन मोशन' या गाण्यात मध्येच एक कर्णा उमटतो. तो कर्ण्यासारखा वाजत नाही; स्वरावरून स्वरावर घसरतो, कुणी गळ्याने मींड घ्यावी तसा. वाजवणारा जॉन हॅसल. हा अमेरिकन वादक किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांकडे शिकला होता आणि गळ्यातली मींड ट्रम्पेटवर कशी आणायची, याचा त्याने ध्यास घेतला होता. प्राणनाथ अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. म्हणजे ज्या घराण्याने अब्दुल करीम खाँसाहेबांच्या रूपाने मिरजेत मुक्काम केला, कुंदगोळच्या सवाई गंधर्वांना आणि त्यांच्याकरवी भीमसेनांना घडवले, त्या घराण्याच्या दुसऱ्या शाखेतला एक श्वास न्यूयॉर्कच्या न्यू वेव्ह ध्वनिमुद्रिकेत येऊन बसला आहे. हॅसलचे नाव पाकिटावर होते, हे खरे. पण पूर्व-पश्चिमेच्या संगीताची सरमिसळ करण्याची आपली कल्पना बर्न आणि ईनो यांनी त्यांच्या दोघांच्या ध्वनिमुद्रिकेसाठी उचलली, अशी त्याची तक्रार होती आणि पुढे मुलाखतींतून त्याने ती बोलूनही दाखवली. नाव छापले म्हणजे हिशेब चुकता झाला असे नाही.

आणि ज्याचे नाव गाणी रचणाऱ्यांत नव्हते आणि वाजवणाऱ्यांतही नव्हते, त्याचे काय? नायजेरियाचा फेला कुटी. लंडनला ट्रम्पेट शिकून मायदेशी परतलेला हा माणूस. जॅझ, अमेरिकी फंक आणि पश्चिम आफ्रिकेतले ठेके एकत्र करून त्याने 'आफ्रोबीट' उभे केले. एकच कॉर्ड, वीस-वीस मिनिटे चालणारी गाणी, गायकाच्या हाकेला मागच्या बायकांची ओ, आणि तळाशी टोनी अ‍ॅलन याचा ड्रम. ईनोने बर्नला फेलाची ध्वनिमुद्रिका ऐकवली आणि दोघेही तिच्या नादी लागले. फेलासाठी मात्र हा नाद नुसता कलेचा नव्हता. लष्करी राजवटीवर गाण्यातून टीका केल्याबद्दल फेब्रुवारी १९७७ मध्ये सैनिकांनी त्याचे घर जाळले आणि त्याच्या वृद्ध आईला खिडकीबाहेर फेकले. ती पुढच्या वर्षी गेली. त्या संगीताची किंमत लागोसमध्ये अशी मोजली जात होती. नासाऊच्या किनाऱ्यावर ती ठाऊक असणे शक्य होते, भोगावी लागणे शक्य नव्हते.

बर्नने हे ऋण लपवले नाही, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवे. ध्वनिमुद्रिकेबरोबर पत्रकारांना जी माहिती पाठवली, तिला पुस्तकांची यादी जोडली होती; आफ्रिकी तालावरचे जॉन मिलर चेर्नॉफ यांचे १९७९ सालचे पुस्तक तीत होते. रॉकच्या ध्वनिमुद्रिकेला संदर्भग्रंथ! काहींनी चेष्टा केली. मला ती चेष्टा आवडत नाही. उधार घेतले आणि कुणाकडून घेतले ते सांगितले, एवढे तरी किती जण करतात? प्रश्न इतकाच राहतो, की यादी पत्रकारांच्या हाती गेली. दुकानातून ध्वनिमुद्रिका घेणाऱ्याला ती दिसली नाही.

आपण यावर न्यायाधीश होऊन बसण्याचे कारण नाही, कारण आपल्या अंगणातली स्थिती निराळी नव्हती. १९४९ च्या 'महल' मधले 'आएगा आनेवाला' बाजारात आले तेव्हा तबकडीवर गायिकेचे नाव 'कामिनी' होते, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचे. लता मंगेशकरांचे नाव श्रोत्यांना विचारून शोधावे लागले. गायकांना पुढे नावे मिळाली. वादकांना आणि संयोजकांना फारशी नाही. मुंबईच्या स्टुडिओंत संगीतकाराने गुणगुणलेली चाल ऐकून तिची स्वरलिपी करणारे, व्हायोलिनच्या पन्नास गजांना एकत्र श्वास घ्यायला लावणारे सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड यांच्यासारखे गोव्याचे कसबी संयोजक कितीशा तबकड्यांवर दिसतात? माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ साली एका चित्रपटातल्या पात्राला त्यांचे नाव दिले गेले आणि अख्ख्या देशाने त्या नावावर ठेका धरला. त्या नावाचा खरा माणूस आहे आणि तो व्हायोलिन वाजवतो, हे त्यावर नाचणाऱ्यांतल्या किती जणांना ठाऊक होते? २०१२ साली कॉपीराइट कायदा सुधारला आणि गीतकार-संगीतकारांचा मानधनाचा हक्क कुणाला कायमचा लिहून घेता येणार नाही, अशी सोय झाली. तोवर त्यांतले किती तरी जण निघून गेले होते.

टॉकिंग हेड्सकडे परत येऊ. ध्वनिमुद्रणात थरावर थर चढवलेले हे संगीत चार जणांना रंगमंचावर वाजवता येईना. म्हणून ऑगस्ट १९८० मध्ये कॅनडातल्या एका महोत्सवासाठी आणखी माणसे घेतली. पार्लमेंट-फंकाडेलिकचा बर्नी वॉरेल कीबोर्डला आला, अ‍ॅड्रियन बेलू गिटारला, शिवाय आणखी एक बास, तालवाद्ये आणि गायिका. या विस्तारलेल्या संचात काळे-गोरे, बायका-पुरुष सारे होते. त्याच धर्तीचा संच घेऊन १९८३ च्या डिसेंबरात हॉलिवुडमध्ये झालेले कार्यक्रम जोनाथन डेमीने चित्रित केले. 'स्टॉप मेकिंग सेन्स' हा तो १९८४ चा चित्रपट ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा, घरातल्या मुलांना घेऊन पाहावा. बर्न एकटा येतो. मग टीना येते, मग फ्रांट्झ, मग हॅरिसन, मग एकेक करून बाकीचे, आणि प्रत्येकाच्या येण्याने आवाज कसा भरतो ते डोळ्यांना दिसते. मागच्या बाजूवर जे छापायचे राहिले, ते इथे पुढच्या बाजूला दिसते.

वृंद मोडल्याचे १९९१ साली जाहीर झाले. पुढे २००२ मध्ये एका सन्मान सोहळ्यात चौघे एकत्र वाजवले; २०२३ मध्ये तो चित्रपट पुन्हा झळकला तेव्हा टोरंटोला शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसून बोलले. एवढेच.

पण ध्वनिमुद्रिकेची गोष्ट तिथे थांबली नाही. बेनिनची गायिका आंजेलीक किड्जो १९८३ साली देश सोडून पॅरिसला आली. तिथे एका मेजवानीत तिने 'वन्स इन अ लाइफटाइम' ऐकले आणि हे आफ्रिकी गाणे आहे, असे ती म्हणाली. छे, हे रॉक आहे, आफ्रिकी लोकांना इतके कुठे जमते, असे तिला सुनावण्यात आले. हा प्रसंग तिने अनेकदा सांगितला आहे. पस्तीस वर्षांनी, २०१८ मध्ये तिने 'रिमेन इन लाइट' मधली आठच्या आठ गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली आणि त्यांत आपल्या भाषांतले शब्द मिसळले. रचनाकार म्हणून हक्क अर्थात त्याच पाच जणांचा आहे. कायदा असाच चालतो. मात्र वाजवणाऱ्यांची यादी नीट पाहिली तर एक नाव सापडते. ज्याचा ठेका १९८० साली नासाऊला ध्वनिमुद्रिकांवरून ऐकून आत्मसात केला गेला, तो माणूस या वेळी स्वतः स्टुडिओत येऊन वाजवून गेला होता. तेव्हा तो सत्तरी ओलांडून पुढे गेलेला होता. एप्रिल २०२० मध्ये त्याचे निधन झाले. बारीक अक्षरांत छापले आहे: ड्रम्स, टोनी अ‍ॅलन.